ब्राकेत्तोची गोडी द्राक्षाचीच

गोड रेड वाइन म्हणजे वरून साखर घातलेली, असं एकांनी लिहिलंय. ब्राकेत्तो या वाइनच्या बाबतीत ते अजिबात खरं नाही. त्याच नावाचं काळं द्राक्ष इटलीच्या पिएमोंतेमध्ये, आक्वी तेर्मे गावाभोवतीच्या टेकड्यांवर होतं. रस आंबत असताना मध्येच तो थंड करून गाळतात. साखरेचं अल्कोहोल करायचं यीस्टचं काम थांबतं आणि द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते. म्हणून अल्कोहोलही जेमतेम ५-६ टक्के. 'ब्राकेत्तो द'आक्वी'ला १९९६ साली डीओसीजी हा तिथला सर्वोच्च दर्जा मिळालाय. ग्लास नाकाशी नेला की आधी गुलाब, मग पिकलेली स्ट्रॉबेरी. आणि काठाशी बारीक गुलाबी फेस, फार सुंदर दिसतो! गारच प्या, आणि बाटली वर्षानुवर्षं जपून ठेवू नका, तो वास उडून जातो. सोबत डार्क चॉकलेट हवंच.