मदत हवी आहे: बेरियम टायटनेटचा लूप केळ्यासारखा का येतोय?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बेरियम टायटनेट या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या (विद्युत क्षेत्र उलटवलं की याचं ध्रुवीकरणही उलटतं) पेलेट, म्हणजे दाबून भाजलेल्या चकत्या, केल्यात. जाडी 0.5 मिमी, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट. सॉयर-टॉवर सर्किटवर (हे विद्युत क्षेत्राविरुद्ध ध्रुवीकरणाचा आलेख, म्हणजे लूप, दाखवतं) 50 हर्ट्झने 400 व्होल्टपर्यंत नेलं, म्हणजे सेंटिमीटरला 8 किलोव्होल्ट. लूप उघडतो, पण टोकं अणकुचीदार न येता गोल येतात, अगदी केळ्यासारखी. क्षेत्र वाढवलं तरी ध्रुवीकरण संपृक्त होत नाही.

मला संशय गळतीच्या प्रवाहाचा आहे. कारण 120 अंशांच्या क्युरी तापमानावर (त्याच्या वर फेरोइलेक्ट्रिक गुण जातो) लूप मिटायला हवा, पण 140 अंशांनाही माझा अंडाकृती लूप तसाच! म्हणजे मी डोमेन (एकाच दिशेचं ध्रुवीकरण असलेले भाग) उलटताना बघतोय की नुसता रोधक? (सरांचं उत्तर: "पुन्हा सिंटर कर.")

दुसरं, थिअरीतलं. सगळे टायटॅनियम आयन एकदम उलटले तर फार मोठं क्षेत्र लागेल. प्रत्यक्षात उलट्या दिशेची छोटी डोमेन आधी जन्मतात, मग त्यांच्या भिंती सरकतात, म्हणून कमी क्षेत्रात भागतं, हे कळलं. मग पेलेटमधली छिद्रं आणि कणसीमा या भिंती अडवतात का?

पंड पद्धतीने, म्हणजे लागोपाठच्या स्पंदांनी, गळती वेगळी काढलेलं कुणी आहे का? स्पंदाची रुंदी किती ठेवली होती?