पोरांच्या सॅकमध्ये घरचा चिवडा

इथे एका ताईंनी लिहिलंय की स्काउट ट्रूपच्या वीकेंड बॅकपॅकिंगला शाकाहारी पोराचे हाल होतात म्हणून सॅकमध्ये चिवडा, पराठे गुपचूप भरून द्यावेत. काळजी पटते पण गुपचूप नको, प्लीज. आपली न्यू जर्सीची पोरं बहुतेक अपलाचियन ट्रेलवर (पूर्व अमेरिकेतली लांबलचक डोंगरवाट) जातात आणि तो सगळा काळ्या अस्वलांचा पट्टा आहे, तंबूत खायचं काही ठेवायचंच नाही, आणि नुसतं खाणंच नाही तर टूथपेस्ट, डिओ, लिप बाम, वास येणारं सगळं रात्री शेल्टरजवळच्या (वाटेवरचा मुक्कामाचा निवारा) लोखंडी बेअर बॉक्समध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत जातं. चिवड्याची पुडी स्लीपिंग बॅगेत राहिली तर धोका सगळ्या पोरांना.

आणि मेन्यू तिथे मोठी माणसं ठरवतच नाहीत, आधीच्या मीटिंगमध्ये पोरांची पॅट्रोल (ट्रूपमधला छोटा गट) ठरवते, स्काउटमधल्या फर्स्ट क्लास रँकला तर मेन्यू आखणं आणि स्वतः रांधणं दोन्ही लागतं. तेव्हा मुलालाच तिथे बोलायला सांगा. आमच्याकडे लेकाने घरी रवा भाजून फोडणी घातलेला कोरडा उपमा झिपलॉकमध्ये नेला, उकळतं पाणी ओतून झाकून ठेवला की झालं, वजन नाही, भांडी घासायची कटकट कमी (ट्रेलच्या न्यू जर्सीतल्या भागात शेकोटीला बंदीच आहे, सगळं छोट्या गॅसवर). पॅट्रोलमधल्या बाकीच्या पोरांनी पुढच्या ट्रिपच्या मेन्यूत तो स्वतःहून लिहिला. फक्त शेंगदाणे घालण्याआधी कुणाला अ‍ॅलर्जी आहे का ते स्काउटमास्टरना नक्की विचारा.