कसं गेलं ते नको, कसं होतं ते सांगा

घरातलं तरुण माणूस गेलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "अरेरे, कशानं?" घरचे या प्रश्नाला इतके सरावतात की पुढे कधीही त्या माणसाचा विषय निघाला तरी तोंडातून आधी आजार किंवा अपघातच बाहेर पडतो. वीस-पंचवीस वर्षं हसलेलं, रुसलेलं माणूस एका तारखेपुरतं उरतं. म्हणून हा धागा. तुमची बहीण, भाचा, नात, चुलतभाऊ, जे कुणी लवकर गेलं, ते कसं होतं ते लिहा. खोडी लिहा, हट्ट लिहा, न पटलेल्या गोष्टीही लिहा. नावं नकोत, नातं पुरे.

सुरुवात माझ्यापासून. माझी धाकटी मावसबहीण गणितात पक्की, पण तिला डावं-उजवं कळायचं नाही. ती घड्याळ उजव्या हातात बांधायची आणि रस्ता सांगताना "घड्याळाकडे वळ" म्हणायची, ऐकणाऱ्याचं घड्याळ कुठल्या हातात आहे याचा विचार न करता! भांडायला लागलं की तिला हसू फुटायचं. त्यामुळे तिच्याशी मनासारखं भांडण एकदाही झालं नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

एक मामा

चांगलंच लिहायचं असा नियम नाही हे बरं केलंत. माझा भाचा तापट होता. उसने पैसे परत करणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो गेला आणि महिन्याभरात घरात संत झाला. "त्यानं कधी कुणाला दुखावलं नाही" असं एकदा कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी बोलून गेलो, "मला तर आठवड्याला दुखवायचा." सगळे गप्प. ताई मात्र खळखळून हसली. म्हणाली, "तू एकटाच माझ्या मुलाबद्दल बोलतोयस. बाकीचे कुणा भलत्याच मुलाबद्दल बोलत असतात."

धाकटी बहीण

"तुम्ही किती भावंडं?" या प्रश्नावर कुणी काय उत्तर देतं? 'दोघं' म्हटलं की लगेच "दादा काय करतो?" येतं. 'एकटीच' म्हटलं की दिवसभर कसंतरी होतं. हल्ली मी 'दोघं' म्हणते आणि पुढचं समोरच्याला झेपेल तेवढंच सांगते. आता वयानं मी दादाच्या पुढे गेलेय. त्याला न आलेला चष्मा मला लागला. तो असता तर चिडवून जीव नकोसा केला असता.

मोठी बहीण

नियम मोडून कारणाबद्दलच लिहितेय, कारण त्याचा इथल्या कुणाला तरी उपयोग होईल. माझा भाऊ मैदानावर खेळता खेळता कोसळला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होते आणि ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते. साधारण ५०० माणसांत एकाला हा विकार असतो आणि अनेकांना पत्ताही नसतो. तो बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांकडे तो जनुकदोष असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून असं निदान झालं की आईवडील, भावंडं, मुलं या सगळ्यांनी ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा असतो, आणि एकदा ठीक आला म्हणून कायमचं सोडून द्यायचं नसतं. लहान वयात खेळताना किंवा धावताना चक्कर येऊन पडणं, घरात पूर्वी कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आमच्या घरात तपासणीत आणखी एक जण सापडला. आता त्याच्यावर लक्ष आहे, औषधं चालू आहेत. गेलेला भाऊ लहानपणापासून सगळ्यांच्या पुढे पळायचा. इथेही पुढेच गेला.

आत्या

लहान मुलांना काय सांगायचं, यावर कुणी लिहिलेलं नाही. माझी भाची गेली तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. कुणी त्याला म्हणालं "आई झोपलीय", कुणी म्हणालं "लांब गेलीय". परिणाम काय, तर पोर रात्री झोपायला घाबरू लागलं. बालमानसतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट बजावलं, की 'मेली' हाच शब्द वापरा. तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही, असं सांगा. या वयात मरण कायमचं असतं हे मुलांना उमगत नाही, म्हणून तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारतात. आपण न चिडता तेच उत्तर द्यायचं. बोलायला फार जड गेलं. पण तो झोपू लागला.

आजोबा

नातीविषयी लिहिण्यास बसलो. दुःख दुहेरी असते. नात गेली ते एक, आणि आपला मुलगा रडतो आहे व आपण काही करू शकत नाही, ते दुसरे. लोक मुलाची विचारपूस करतात, ते योग्यच आहे. नात मला मोबाइल शिकवीत असे व चुकलो की "आजोबा, बोट हलकं ठेवा" म्हणे. हे टंकतानाही तेच करीत आहे.

एकीचा प्रश्न

दीर जाऊन वर्ष झालं, पण मला अजून राग येतो. शोकाचे पाच टप्पे असतात ना, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार? मी अडकलेय का?

धागाकर्ती

त्या टप्प्यांनी फार जणांना उगाच नापास केलंय. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लागू केले गेले. राग जातो, परत येतो, क्रम वगैरे काही नसतो. मात्र वर्ष उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल तर समुपदेशकाकडे जरूर जा.

चुलतभाऊ

आमच्यातल्या एकानं आत्महत्या केली. त्यामुळे 'कसा गेला' याखेरीज कुणी काही विचारतच नाही, आणि घरचे नावच काढत नाहीत. इथे लिहितो: तो शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवायचा आणि प्रत्येक गाणं बेसूर वाजवायचा. बस.

जुळा भाऊ

गेलेल्या माणसाच्या फेसबुक खात्याचं काय होतं, असं कुणीतरी मला विचारलं होतं. घरच्यांनी मृत्यूचा पुरावा दिला की खातं स्मृतिखातं होतं, मग त्यात कुणालाच लॉग-इन करता येत नाही आणि वाढदिवसाच्या आठवणी जाणं थांबतं. खातं सांभाळणारा वारस नेमायची सोय २०१५ पासून आहे, पण तो ज्याचं खातं त्यानंच जिवंतपणी नेमावा लागतो. माझ्या जुळ्यानं कुणालाच नेमलेलं नाही. आम्ही अर्जही केला नाही, कारण दर वाढदिवसाला त्याचे मित्र त्याच्या भिंतीवर येऊन मनसोक्त शिव्या घालतात, जुने अपमान उकरून काढतात. वाढदिवस माझाही असतो. मला सगळे सभ्यपणे शुभेच्छा देतात.