मदत हवी आहे: विद्यापीठाच्या बॉयलरसाठी आरएनजी घ्यावा का आणि त्याचा हिशेब कसा मांडावा?

रानवारा:

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यापीठाच्या हवामान समितीवर मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे. पुढच्या बैठकीत एका प्रस्तावावर मत द्यायचंय आणि माझं अजून ठरत नाहीये.

प्रस्ताव असा: आवाराला वाफ पुरवणारे बॉयलर आहेत तसेच ठेवायचे, नैसर्गिक वायूच्या जागी आरएनजी, म्हणजे शुद्ध केलेला बायोगॅस, विकत घ्यायचा आणि तेवढं उत्सर्जन शून्य धरून कार्बन न्यूट्रल व्हायचं. बर्नरसुद्धा बदलावा लागत नाही, हे खरं आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 50 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो, हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा काढला की 95 टक्क्यांच्या आसपास मिथेन असलेला वायू उरतो आणि तो नेहमीच्या पाइपलाइनमध्ये सोडता येतो. इथवर मला कळतं. अडतंय ते हिशेबाशी.

पुरवठादाराचा वायू आमच्यापर्यंत येणारच नाही. तो दूर कुठेतरी पाइपलाइनमध्ये जाईल, आम्ही नेहमीचाच वायू जाळू आणि तेवढा आरएनजी आमच्या नावावर घेतल्याचं प्रमाणपत्र हातात येईल. विजेसाठी असा हिशेब कसा करायचा ते जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीच्या 2015 च्या स्कोप 2 (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) मार्गदर्शिकेत आहे, पण बॉयलर येतो स्कोप 1 मध्ये, म्हणजे स्वतः जाळलेल्या इंधनाच्या उत्सर्जनात.

अमेरिकेत काही ठिकाणी वायू खरोखरच नळाने येतो. न्यू हॅम्पशायर विद्यापीठ 2009 पासून रॉचेस्टरच्या कचरा डेपोचा वायू सुमारे 20 किलोमीटरच्या पाइपलाइनने आणतं. व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजने जवळच्या सॉल्सबरी गावातल्या एका डेअरी फार्मच्या डायजेस्टरशी, म्हणजे बायोगॅस तयार करणाऱ्या बंद टाकीशी, जोडून घेतलं, तिथे शेण आणि अन्नाचा कचरा एकत्र कुजवतात. 2021 मध्ये ते सुरू झालं. आमच्या जवळपास असा स्रोत नाही.

तर करारात काय मागावं? अहवालात हे प्रामाणिकपणे कसं लिहावं? आणि मुख्य म्हणजे, हे घेतलं की बॉयलर बदलायचा विषय कायमचा बाजूला पडेल का? ही शेवटची भीती मला सगळ्यात जास्त छळते आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

हिशेबनीस:

उत्सर्जनाचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो. पहिला प्रश्न एकच विचारा: हा वायू तुम्ही घेतला नसता तर त्या मिथेनचं काय झालं असतं?

शेणाच्या उघड्या तळ्यातून तो थेट हवेत गेला असता, तर तो पकडण्याचा फायदा फार मोठा आहे. पण मोठ्या कचरा डेपोंना अनेक ठिकाणी वायू गोळा करून जाळणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे मिथेन तसाही जळणारच होता. तुमची बचत फक्त खनिज वायू कमी जाळला एवढीच.

गळती तर विसरूच नका. एक किलो मिथेन जाळला की 2.75 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे खनिज वायूऐवजी तो वापरल्यावर वाचतात तेवढेच. तोच किलो गळला तर 100 वर्षांच्या हिशेबात साधारण 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान. म्हणजे जो मिथेन एरवी जळणारच होता किंवा मुद्दाम तयार केलाय, त्यात तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या वायूच्या दहा टक्के गळती झाली की सगळी बचत संपली. 20 वर्षांचा हिशेब धरलात, ज्यात मिथेनचं नुकसान जवळपास तिप्पट मोजतात, तर तीन-साडेतीन टक्क्यांतच. गळती प्रत्यक्ष मोजलेली हवी, अंदाजाने धरलेली नको, हे करारात लिहून घ्या.

दुसरं, तोच वायू आणखी कुणाला विकला गेलाय का? अमेरिकेत असा वायू वाहनांच्या इंधनासाठी दिला की आरआयएन आणि कॅलिफोर्नियाचे एलसीएफएस ही विकता येणारी स्वच्छ इंधनाची क्रेडिट मिळतात. ते एकदा विकले गेले की त्याच वायूवर तुमचा दावा उरत नाही. न्यू हॅम्पशायर विद्यापीठानेही प्रकल्पाचा खर्च भागवायला त्या वायूपासून केलेल्या विजेची हरित प्रमाणपत्रं विकली होती. नळ स्वतःचा असला तरी हा प्रश्न सुटत नाही!

अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी द्या, प्रमाणपत्र धरून आणि न धरता. जैविक कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आरएनजी जळून निघणारा, वेगळ्या रकान्यात दाखवा. जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप 1 मध्येच राहतात.

वाफेवरचा:

तुमची शेवटची भीती रास्त आहे. मी आवारांच्या उष्णता-जाळ्यांवर काम करतो. अडचण फक्त बॉयलरची नसते, जाळं वाफेचं असतं ही खरी अडचण. बॉयलरच्या जागी येणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या हीट पंपाला कमी तापमानाचं गरम पाणी सोयीचं. म्हणजे जमिनीखालचे नळ, प्रत्येक इमारतीतले हीट एक्सचेंजर, सगळं बदलायचं. स्टॅनफर्डने ते केलं आणि 2015 मध्ये वायूवर वीज आणि उष्णता एकत्र तयार करणारं जुनं सहनिर्मिती केंद्र बंद केलं. पण अशा कामाला वर्षानुवर्षं लागतात, मधल्या काळात बॉयलर चालतातच. तेवढ्या काळापुरता आरएनजी मला मान्य आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचंच बघा. 2013 मध्ये 2025 पर्यंत कार्बन न्यूट्रल होण्याची घोषणा केली, त्यासाठी बायोमिथेनही घेतला. 2023 मध्ये धोरण बदललं: आता 2045 पर्यंत 2019 च्या तुलनेत किमान 90 टक्के प्रत्यक्ष कपात.

रानवारा:

दोघांचे मनापासून आभार. दहा टक्क्यांचं गणित मी स्वतः करून पाहिलं, बरोबर येतंय. प्रस्तावाला थेट विरोध करायचा विचार मी सोडलाय. त्याऐवजी दुरुस्ती मांडते: मोजलेली गळती, दावा दुसऱ्या कुणाला विकलेला नाही याची लेखी हमी आणि करार गरम पाण्याच्या जाळ्याच्या वेळापत्रकाला बांधलेला, म्हणजे एकेक टप्पा झाला की वायूची खरेदी तेवढी कमी.

वाफेवरचा, एक विचारायचं राहिलं. पहिला टप्पा कुठून धरावा, वसतिगृहांपासून की प्रयोगशाळांपासून? प्रयोगशाळांना निर्जंतुकीकरणासाठी वाफच लागते, त्यामुळे तिथे हात घालायला समिती कचरते आहे.

वाफेवरचा:

वसतिगृहांपासून. निर्जंतुकीकरणासाठी इमारतीतच छोटा विजेवरचा वाफ-जनित्र बसवता येतो, तेवढ्यासाठी सगळं जाळं वाफेवर ठेवायची गरज नाही. समितीला आधी प्रयोगशाळांची वाफ मीटर लावून मोजायला सांगा.