"बाई, डोळ्यालापण तिखट लागतंय की!" ज्ञानेंद्रियं शिकवायची कशी?

तासगावकडची_सेविका:

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोरं तीन ते सहा वयाची. या महिन्यात ज्ञानेंद्रियं घ्यायची आहेत. भिंतीवर तक्ता आहे, पोरं सुरात म्हणतात, "डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो, नाकानं वास घेतो…" सुपरवायझर मॅडम आल्या की म्हणून दाखवतात, मॅडम खूश. पण त्याच पोरांना "आज सकाळी कानानं काय काय ऐकलंस?" विचारलं की नुसती तोंडाकडं बघत बसतात.

आमच्या मागच्या बोळात मिरची कांडप आहे. सध्या घरोघरी वर्षाची चटणी करायचा हंगाम, त्यामुळं दुपारपर्यंत डंक चालूच. वारा आमच्याकडं वळला की सगळी खोकायला लागतात, मीपण. परवा त्यातच मी विचारलं, तिखट कशाला कळतं? सगळी ओरडली, "जिभेला!" एक पोरगी डोळे चोळत म्हणाली, "बाई, डोळ्यालापण तिखट लागतंय की. आन् नाकालापण." वर आणखी, "मम्मीच्या हातालापण लागलं काल, मिरच्या निवडून."

तक्त्याप्रमाणं ती चूक. पण मला तिला चूक म्हणवेना. खरं काय आहे? आणि खर्च न करता हे कसं घ्यावं? हाताशी आहे ते असं: हळद, बेदाणे, शेंगा, माती, डबे-डबड्या. मोबाईल आहे, रेंज नाही.

विज्ञानवाला_सांगली:

ताई, पोरगी शंभर टक्के बरोबर आहे, तक्ता चूक आहे. हायस्कूलला विज्ञान शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. तिखट त्यात येतच नाही. मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा पदार्थ मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. या प्रथिनाचं खरं काम म्हणजे साधारण ४३ अंशांच्या वरची, भाजणारी उष्णता ओळखून मेंदूला कळवणं. मिरची त्यालाच चाळवते, म्हणून मेंदूला वाटतं की भाजलं. आपण "तोंडाची आग झाली" म्हणतो ते अगदी शास्त्रशुद्ध आहे! आणि हे प्रथिन डोळ्यात, नाकात, कातडीतही असतं. कांडपातली पूड उडून तिथं पोचली की तिथंही आग. मम्मीच्या हाताचंही तेच. (मिरचीचं हे तिखट पाण्यात फारसं विरघळत नाही. हाताला आधी तेल चोळायचं, मग साबण. तोंडाला पाण्यापेक्षा दूध बरं.)

डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं हे प्रथिन १९९७ साली शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि दाबाची जाणीव शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना मिळून दिलं. तुमची पोरगी त्याच वाटेवर आहे म्हणायची.

एक विनंती. तुमच्या तक्त्यात जिभेचा नकाशा आहे का, टोकाला गोड, मागं कडू असा? असेल तर तो शिकवू नका. १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाचा अर्थ पुढं चुकीचा लावला गेला आणि तो नकाशा जगभर पुस्तकांत गेला. सगळ्या चवी जिभेवर बहुतेक सगळीकडं कळतात. साखरेचा दाणा जिभेच्या कडेला ठेवून बघा, गोडच लागतो.

निवृत्त_गुरुजी_वाई:

ताई, रेंज नाही हे उत्तमच आहे.

आमच्या जिल्ह्यात मी चाळीसेक वर्षं लहान पोरांत काढली. माझं मत स्पष्ट आहे: तक्ता शेवटच्या दिवशी दाखवायचा, पहिल्या दिवशी नाही. मॉन्टेसोरीबाईंची इंद्रियशिक्षणाची लाकडी साधनं सुंदर, पण महाग. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं तेव्हा शंख-शिंपले, पानं, बिया असं गावात मिळेल तेच घेतलं. तुम्ही तासगावात बेदाणे घ्या.

जुन्या चादरीची पिशवी शिवा. आत हळकुंड, शेंग, नदीतला गोटा, कापसाची वात, मक्याचं कणीस. हात घालायचा आणि न बघता सांगायचं. डोळ्यांवर पट्टी बांधू नका, तीन-चार वर्षांची काही पोरं घाबरतात आणि मग तो खेळच नको म्हणतात. "काय आहे" यापेक्षा "कसं लागतंय" विचारा. हळकुंड हाताला लागल्यावर एकानं मला "म्हाताऱ्या आजीचं बोट" असं सांगितलं होतं. असं उत्तर आलं की वहीत लिहून ठेवा, ते तक्त्यात कुठं सापडायचं नाही.

वासासाठी छोट्या डब्यांना फडकं बांधा. ओवा, लसूण, चहापूड, ओली माती. हळदीची किंवा मिरचीची पूड उघडी हुंगायला देऊ नका. आणि शेंगदाणे, मणी मोजून द्या, मोजून परत घ्या. या वयात नाकात घालायची फार हौस असते.

पेढेवाली_सातारा:

गुरुजी, माझा एक घाला त्यात. वेलदोडा घातलेला पेढा नाक चिमटीत दाबून खायचा. नुसतं गोड लागतं. मग नाक सोडायचं. वेलदोडा आणि भाजलेला खवा एकदम येतो! खाताना वास तोंडाच्या मागून नाकात जातो म्हणून. माझ्या नातवंडांनी हे बघायचं म्हणून अख्खा पुडा संपवला.

पालक_विश्रामबाग:

सगळं छान आहे, पण पहिलीच्या प्रवेशाला कोण विचारणार "म्हाताऱ्या आजीचं बोट"? तिथं पाच नावं विचारतात. पाच नावं आली पाहिजेत.

निवृत्त_गुरुजी_वाई:

येतात हो. पिशवीत आठवडाभर हात घातल्यावर "त्वचा" हा शब्द एका मिनिटात बसतो.

तारवाला_मिरज:

आमचं तंबोऱ्याचं काम. जवारी (तारेचा झंकार) लावताना तारेखाली सुताचा धागा केसभर इकडं-तिकडं सरकवतो, ते फक्त कानावर. मोजायला काही यंत्र नाही घेत. पण पोरांसाठी सांगायचं ते वेगळंच. गावात भजनी मंडळ असेल तर तंबोरा किंवा पखवाज आणा, आणि वाजत असताना भोपळ्यावर तळहात ठेवायला लावा. आवाज हातालाही कळतो. आमच्याकडं एक जन्मापासून ऐकू न येणारा मुलगा आला होता. त्यानं भोपळ्याला गाल लावला तो काढेचना.

आशाताई_मिरजपूर्व:

वरच्यावरून आठवलं. आवाज ओळखायच्या खेळात (पाठीमागं डबा हलवायचा, आत शेंगा की बेदाणे ते सांगायचं) जे पोर नेहमी शेजाऱ्याकडं बघून उत्तर देतं, त्याची नोंद ठेवा. ते मठ्ठ नसतं, कधी कधी कान फुटलेला असतो किंवा ऐकूच कमी येतं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येतं, तेव्हा नाव पुढं करा. तोवर घरच्यांना सांगा, कानात गरम तेल ओतू नका.

तासगावकडची_सेविका:

सगळ्यांचे आभार. पिशवी शिवली, डबे केले. डब्याच्या खेळात एक पोरगा आशाताई म्हणतात तसाच वागतोय, आईला बोलावून घेतलंय. पेढ्याऐवजी घरून वेलदोड्याचा लाडू नेला, चालला.

आता नवीन. काल पोरी फुगडी घालून धापकन बसल्या आणि एकीनं विचारलं, "बाई, चक्कर कशानं कळती? डोळे मिटले तरी फिरतंयच." तक्त्यातल्या पाचात हे कुठं बसवू?

विज्ञानवाला_सांगली:

पाचात बसत नाही, सहावं धरा. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाशेजारी, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. आपण गरगर फिरलो की द्रवही फिरायला लागतो. आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, म्हणून मेंदूला वाटतं अजून फिरतोय. बाटलीत पाणी आणि थोडी हळद घालून बाटली गोल फिरवा, मग थांबवा. आतलं पाणी फिरत राहतं ते पोरींना दिसेल.

फक्त फुगडी आहाराच्या आधी ठेवा. खिचडीनंतर घातली तर पुसायला तुम्हालाच लागेल.