प्रतिसाद: उचल सुटली, काम नाही

वर एकांनी लिहिलंय की लाडकी बहीण योजनेचे दीड हजार फुकट मिळाले की बाया कामाला येत नाहीत. आमची नाशिकला दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, मजूर पेठ-सुरगाण्याकडून येतात, त्यामुळे ही तक्रार मीपण रोजच ऐकतो, पण खरं सांगू का, आमच्याकडे काम कुणी सोडलं नाही, सुटली ती उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ घेतलेले पैसे. आधी काय व्हायचं, भात-नागलीची आवणी उरकली की हातात पैसा नाही, मग पोरगं आजारी पडलं की मुकादमाकडून उचल घ्यायची अन् ऑक्टोबर छाटणीला तो म्हणेल त्या रेटने फेडत बसायचं. आता 2024 पासून लाडकी बहीणचे महिन्याला 1500 खात्यावर येतात तर तीच बाई आधी रेट विचारते! आपल्याला टोचतं ते हे.

आणि पीएम किसानचे वर्षाला 6000 अन् वर नमो शेतकरीचे 6000 आपण घेतो तेव्हा आपण आळशी होत नाही वाटतं?

बोलायचंच तर आधार लिंक, केवायसी, पाड्यावर नसलेली रेंज यावर बोला की राव. बँकेत जायचं म्हणजे जीपचं भाडं गेलं अन् दिवसाची मजुरीपण बुडाली.