मदत हवी आहे : समाजमंदिराच्या भिंतीवर स्थानिक चित्रकारांकडून चित्रे काढून घ्यायची आहेत

पूर्वभागकर
नमस्कार. आमच्या वसाहतीतील समाजमंदिराच्या कुंपणभिंतीवर आणि तिला लागून असलेल्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर सोलापुरातल्याच चित्रकारांकडून चित्रे काढून घ्यायची, असा ठराव मंडळाच्या बैठकीत झाला आहे. वर्गणीही बऱ्यापैकी जमली आहे. तीन जणांना बोलावून भिंती दाखवल्या. एकाने चौरस फुटाचा दर सांगितला, दुसऱ्याने साहित्यासह एकरकमी आकडा सांगितला, आणि तिसऱ्या बाईंनी ‘आधी रेखाटनाचे मानधन द्या, मग पुढचे बोलू’ असे म्हणून विषयच संपवला. काम पसंत पडण्याआधी पैसे कशाचे द्यायचे, हे मंडळात कोणालाच पटलेले नाही. दरांची तुलना कशी करावी, निवड कोणी करावी आणि करारपत्रात काय लिहावे, एवढेच मला तातडीने हवे आहे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी भिंती पूर्ण झाल्या पाहिजेत. कलेचे महत्त्व या विषयावर कृपया कोणी निबंध लिहू नये.

गिलावा
भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे? गिलावा किती जुना आहे? भिंतीच्या मागे काय आहे? ही माहिती नसताना दराची चर्चा करणे व्यर्थ आहे.

पूर्वभागकर
भिंत चांगली आहे हो. प्रश्न दराचा आहे.

भिंतरंग
मी स्वतः भिंतचित्रे काढतो, त्यामुळे माझे म्हणणे एकतर्फी वाटल्यास हरकत नाही. त्या बाईंनी जे मागितले, ते रास्त आहे. जागा पाहणे, मोजमाप घेणे, वसाहतीतल्या लोकांशी बोलणे, विषय बसवणे आणि प्रमाणात रंगीत रेखाटन करणे हे या कामातले सर्वांत अवघड काम असून भिंतीवर रंग लावणे त्याच्या नंतर येते. तिघांकडून फुकट रेखाटने मागवायची, त्यातले एक उचलायचे आणि ते सर्वांत कमी दर सांगणाऱ्याकडून रंगवून घ्यायचे, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की मागणाऱ्याला त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. घराचा नकाशा काढणाऱ्याला आपण ‘आधी काढून दाखवा, आवडला तर पैसे देऊ’ असे म्हणतो का?

उपाय साधा आहे. तिघांकडून आधी केलेल्या कामांची छायाचित्रे मागवा, त्यात जुन्या कामाची आजची स्थिती दाखवणारे एक तरी छायाचित्र असू द्या, आणि त्यावरून दोघांना निवडा. त्या दोघांना रेखाटनाचे ठरावीक मानधन द्या. ज्याचे काम मंजूर होईल त्याच्या एकूण रकमेतून ते वळते करून घ्या, आणि दुसऱ्याचे रेखाटन त्याच्या परवानगीशिवाय वापरणार नाही, असे लिहून द्या.

अक्कलकोटरोड
महापुरुषांचा पुतळा सार्वजनिक जागेत बसवायचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, हे लक्षात असू द्या. रस्त्यावर नवे पुतळे उभारण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केलेली आहे. चबुतरा आधी बांधू नका.

पूर्वभागकर
पुतळ्याचा विषय कोणी काढला? आम्हाला चित्र काढायचे आहे.

विधिज्ञ
करारपत्राच्या मसुद्याआधी एक प्रश्न विचारतो, कारण तो अद्याप कोणी विचारलेला नाही. भिंत कोणाच्या मालकीची आहे? मंजूर रेखांकनातल्या (लेआउटमधल्या) खुल्या जागेवर समाजमंदिर असेल, तर ती जागा तुमच्या मंडळाची असण्याची शक्यता फार कमी आहे. महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ हा जाहिराती आणि भित्तिपत्रकांमुळे सर्वांना माहीत असला, तरी परवानगीविना रंगवलेल्या भिंतीविरुद्ध एखाद्या नाराज रहिवाशालाही त्याचा आधार घेता येतो. महापालिकेची लेखी ना-हरकत घ्या, आणि तिच्यात देखभाल कोण करणार हेही नमूद करून घ्या.

आता हक्कांविषयी. चित्रकाराकडेच सर्व हक्क राहतात, असा समज मी येथे अनेकदा वाचला आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, ते काढून घेणारा असतो. मात्र कलम ५७ खालील अधिकार चित्रकाराकडेच राहतात. कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव असावे, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, असे ते अधिकार आहेत. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले शिल्प त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तेव्हा चित्र किमान किती वर्षे ठेवणार, पुढे पुसायचे झाल्यास चित्रकाराला किती दिवस आधी कळवणार, डागडुजीचे काम प्रथम त्यालाच विचारणार की नाही, आणि सही कोठे असेल, या चार गोष्टी करारात आल्याच पाहिजेत. पैशांचे हप्ते टप्प्यांना जोडा, तारखांना जोडू नका.

पूर्वभागकर
जागा रेखांकनातल्या खुल्या जागेपैकी आहे. समाजमंदिर महापालिकेने बांधले आहे, पण झाडलोट आणि वीजबिल आम्हीच पाहतो. कुंपणभिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, लांबी ६० फूट आणि उंची ८ फूट. मागे सार्वजनिक नळ आहे. खालच्या दोन फुटांत रंग सुटतो आणि पांढरी भुकटी येते, पण ती घासून काढता येईल.

गिलावा
अखेर मूळ दुखणे कळले. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा आहे. नळाचे पाणी पायातून भिंतीत चढते, गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. घासून वर कितीही महागडा रंग लावला, तरी पहिल्या पावसानंतर खालचे दोन फूट पापुद्रे धरतील आणि चित्रातल्या माणसांचे पाय गळून पडतील. आधी नळाखाली फरशी करून पाण्याला भिंतीपासून दूर वाट काढून द्या. मग खालचा गिलावा विटेपर्यंत खरवडून नवा करा. नवा गिलावा पाणी मारून पक्का झाल्यावर किमान महिनाभर वाळू द्या. ओल उरली आहे का, हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले, तर थांबा.

आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यामुळे दुरुस्ती ऑक्टोबरात आणि रंगकाम डिसेंबरात, हा हिशेब संक्रांतीला जेमतेम पुरतो. खर्चात आधी गवंडी धरा आणि मग चित्रकार.

भिंतरंग
पश्चिमेच्या उन्हाबद्दल जोडतो. चाळीस अंशांच्या पुढचे ऊन वर्षानुवर्षे सोसायचे असेल, तर गेरू, पिवडी, काळा असे लोहभस्माचे रंग सर्वांत जास्त टिकतात. स्वस्तातले झगझगीत गुलाबी आणि पिवळे आधी उडतात. याचा संबंध दराशी आहे. तुमच्या ४८० चौरस फुटांसाठी तिघांकडून एकाच तक्त्यात दर मागवा. भिंत घासणे, अस्तर, बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग आणि त्याचे हात किती, उन्हापासून बचाव करणारा शेवटचा पारदर्शक लेप, परांची, मदतनीस आणि वर्षभरातली डागडुजी, यातले काय दरात आहे आणि काय नाही, ते प्रत्येकाने लिहावे. चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याने यातले निम्मे धरलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

धोटा
रंगाच्या भानगडीत पडताच कशाला? शहरातल्या विणकरांच्या पूर्व भागात जॅकार्ड मागावर माणसांचे चेहरे विणलेली वॉल हँगिंग तयार होतात. हे कारागीर स्थानिक कलावंत नव्हेत काय? चादरीच्या नक्षीचा भव्य पट विणून घ्या. सोलापूरची ओळख रंगाच्या डब्यात नसून मागावर आहे.

जुळेसोलापूरची
धोटा यांच्या भावनेचा आदर आहे, पण सुती पट उघड्या भिंतीवर एक उन्हाळाही तग धरणार नाही. तो वाचनालयाच्या आत लावावा. बाहेर मागाच्या वस्तूंचा उपयोग वेगळ्या रीतीने करता येईल. नक्षी ठरवणारी छिद्रे पाडलेले जॅकार्डचे पुठ्ठे एकापुढे एक शिवून त्यांची लांब माळ मागावर फिरते. त्या छिद्रांची मांडणी ६० फूट भिंतीवर मोठ्या आकारात गेरू आणि पांढऱ्या रंगांत उतरवली, तर जवळून नुसते ठिपके दिसतील आणि रस्त्यापलीकडून नक्षी उमटेल. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे चेहरे आणि सिद्धेश्वर तलावाचे दृश्य हे दोन विषय शहरात पुरेसे झाले आहेत.

धोटा
हुतात्मे पुरेसे झाले, हे वाक्य १२ जानेवारीला चार पुतळ्यांपुढे उभे राहून म्हणून दाखवा.

जुळेसोलापूरची
त्यांच्याविषयी माझ्या मनात काय आहे, हे आपण ठरवू नये. मी चित्राच्या विषयाबद्दल लिहिले आहे.

अक्कलकोटरोड
देवादिकांची चित्रे काढा. भिंतीवर थुंकणे आणि लघुशंका दोन्ही बंद होतील. पद्मशाली विणकर समाजाचे दैवत असलेल्या मार्कंडेय ऋषींचे चित्र काढल्यास वसाहतीतला कोणीही विरोध करणार नाही.

विधिज्ञ
मी याच्या विरोधात आहे. महापालिकेच्या इमारतीच्या भिंतीवर एका समाजाचे दैवत काढले, की दुसरा समाज उरलेली भिंत मागतो आणि ना-हरकत देणारा अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. शिवाय देवाच्या पायाशी कोणी थुंकलाच, तर एरवी नुसती घाण ठरली असती, तिचे भांडण होते. तिथे दिवा लावा आणि कचराकुंडी हलवा.

भिंतरंग
वाचनालयाच्या भिंतीसाठी एक सुचवतो. फ्लेक्स आल्यापासून ज्यांची कामे गेली, असे पाट्या रंगवणारे जुने हात अजून शहरात आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही लिप्यांतली वळणदार अक्षरे त्यांच्याकडून लिहून घ्या. गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून ते भिंतीवर सूत मारतात, आणि मग नुसत्या ब्रशने हातभर उंचीचे अक्षर एका दमात ओढतात. या कामाला रेखाटनाचे मानधनही लागणार नाही, म्हणजे तुमच्या मंडळाचा तो प्रश्नही सुटला.

पूर्वभागकर
मानधनाचा टोमणा समजला. मंडळातल्या ज्येष्ठांशी बोललो. दोघांना रेखाटनाचे पैसे द्यायला ते तयार झाले आहेत, पण एकाचे पैसे वाया जाणार, हे त्यांचे म्हणणे कायम आहे आणि मलाही ते चुकीचे वाटत नाही. ना-हरकतीचा अर्ज विभागीय कार्यालयात देत आहे. अक्षरांची कल्पना सर्वांना आवडली. मात्र निवड कोणी करायची, याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. सर्वसाधारण सभेत हात वर करून मतदान घेतले, तर ज्याचे नातेवाईक जास्त त्याचेच चित्र लागेल.

जुळेसोलापूरची
सभेला चित्र निवडू देऊ नका, विषय निवडू द्या. चित्राची निवड पाच जणांनी करावी. वसाहतीतले दोन, त्यात एक तरी बाई असावी, वाचनालयात रोज बसणारा एक विद्यार्थी, एक चित्रकला शिक्षक आणि वसाहतीशी संबंध नसलेला एक चित्रकार. रेखाटनांवरची नावे झाकून ठेवा आणि प्रत्येकाने आपले मत कारणासह लिहून द्यावे. स्पर्धेतल्या कोणाचाही नातेवाईक त्यात नसावा, हे आधीच इतिवृत्तात लिहून घ्या.

धोटा
बाहेरचा चित्रकार फुकट येणार आहे का?

भिंतरंग
नाही. त्यालाही मानधन द्यावे लागेल.

गिलावा
नळाचे काम कोण करणार, ते अजून ठरलेले दिसत नाही. ना-हरकतीच्या अर्जातच नळाखालची फरशी आणि सांडपाण्याची वाट यांची मागणी घाला. एकाच टपालात दोन्ही कामे होतील, आणि ते काम मंजूर होईपर्यंत कोणालाही रंगाची आगाऊ रक्कम देऊ नका.